श्वासाची उंची

थंडोबाला घाई चालत नसे, आणि त्याच्या पोटातून बाहेर पडलेल्या औषधाला उशीर चालत नसे. या कात्रीत भौतिकवालीचा दिवस सापडलेला असायचा.

थंडोबा म्हणजे स्कॅनच्या खोलीला लागून असलेल्या कोपऱ्यातलं कपाटाएवढं यंत्र. त्याच्या आत एक चुंबक होतं आणि अंतराळातल्या पोकळीलाही लाजवेल अशी थंडी होती. त्या थंडीत पायरुव्हेट नावाच्या पदार्थाचा गोठलेला थेंब सकाळपासून ठेवून द्यायचा. मग शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजल्यावर पोरं रांगेत येतात, तसे त्याच्यातले कार्बनचे अणू हळूहळू एका दिशेला तोंड करून उभे राहत. दुपारी कढत पाणी सोडून तो थेंब विरघळवायचा, त्याचा आंबटपणा आणि तापमान तपासायचं, आणि पळायचं. रांग मोडायला तिथूनच सुरुवात व्हायची. थोडा वेळ गेला की पोरं पुन्हा आपापल्या उद्योगाला, आणि स्कॅनला दिसायचं ते दिसेनासं.

ही सगळी धावपळ भौतिकवालीच्या अंगावर होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती थेट इथे आली होती. डॉक्टरांच्या घोळक्यात तेवढी एकच डॉक्टर नसलेली, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. तिचा त्याला विरोध नव्हता. गर्दीत ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली तर सहा माना वळत. ‘भौतिकवाली’ म्हटलं की एकच.

त्या दिवशी ज्यांच्यासाठी थंडोबा सकाळपासून गारठत होता, ते पोहण्याचे मास्तर होते. साठी ओलांडलेले, खांदे अजून दाराएवढे. त्यांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला पाण्यात ढकललं, असं त्यांची धाकटी बहीण म्हणे. ती बरोबर आली होती. दादाची पिशवी, दादाचे कागद आणि दादाची काळजी, तिन्ही तिनेच उचलून आणली होती.

या भावंडांची गोष्ट विभागात सगळ्यांना ठाऊक होती. पुष्कळ वर्षांपूर्वी बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा भावाने आपली एक दिली. बहीण उठून उभी राहिली आणि संसाराला लागली. आता भावाच्या उरलेल्या एकुलत्या एका किडनीत गाठ निघाली होती.

“एक सासरी सुखाने नांदतेय,” मास्तर कपडे बदलून पलंगावर बसत म्हणाले, “आणि दुसरी माहेरी रुसून बसलीय. मी मधे पडून काय उपयोग?”

“दादा, गप्प बस,” बहीण म्हणाली. “त्या मुलीला काम करू दे.”

मुलीचं, म्हणजे भौतिकवालीचं, काम चाललंच होतं. तिने मास्तरांना नीट समजावलं. गाठीत सुई घालून काढलेला तुकडा ‘मंद’ असं सांगत होता, म्हणजे गाठ आपली सावकाश वाढणारी, घाई नसलेली. पण सहा महिन्यांत ती चांगलीच फुगली होती, आणि सर्जनचा सुईवर विश्वास नव्हता. शितावरून भाताची परीक्षा करतात ती सगळा भात सारखा शिजलेला असतो म्हणून. गाठ तशी नसते. एका अंगाला थंड, दुसऱ्या अंगाला पेटलेली असू शकते, आणि सुई नेमकी थंड अंगात शिरलेली असू शकते.

“मग तुमचं हे औषध काय करणार?” मास्तरांनी विचारलं.

पायरुव्हेट काही परकं नाही, ती म्हणाली. पेशी साखर जाळते तेव्हा अर्ध्या वाटेवर ते तयार होतंच. शांत पेशी ते शेवटपर्यंत नीट जाळते. वाढीच्या मागे लागलेल्या पेशीला तेवढा धीर नसतो. ती ते अर्धवट सोडून त्याचं लॅक्टेट करून टाकते. आपण रांगेत उभं केलेलं पायरुव्हेट शिरेतून सोडायचं आणि त्याचं लॅक्टेट कुठे किती भराभर होतंय ते बघायचं. जिथे जास्त, तिथे गाठ आडदांड.

मास्तरांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं. त्यांना आणखीही काही कळलेलं होतं, आणि ते बहिणीसमोर कोणी बोलत नव्हतं. गाठ किडनीच्या वरच्या टोकाला होती खरी, पण तिची मुळं आत मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेली होती. ती एकटी कापून काढणं जमण्यासारखं नव्हतं. मंद निघाली तर थांबायचं, लक्ष ठेवायचं. आडदांड निघाली तर किडनीच काढायची. आणि मग आयुष्यभर आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्राला हात बांधून बसायचं, जसं बहीण एकेकाळी बसत होती.

आधी तालीम झाली. स्कॅन चालवणाऱ्या मामांनी मास्तरांच्या पोटावर श्वासाचा पट्टा बांधला. हे मामा कोणाचेच मामा नव्हते, तरी सगळ्या विभागाचे होते. पट्टा वरखाली झाला की त्यांच्या पडद्यावर रेघ वरखाली व्हायची. श्वास पूर्ण सोडायचा आणि तसंच थांबायचं, भौतिकवालीने सांगितलं. मास्तर थांबले. रेघ सपाट झाली. तेवढ्यात किडनीची साधी चित्रं काढून झाली. त्या चित्रांवरच नंतर लॅक्टेटचा नकाशा बसवायचा होता.

“बाकीच्यांना आम्ही औषधाच्या वेळी हळूहळू श्वास घेऊ देतो,” मामा मायक्रोफोनवरून म्हणाले. “तेवढा वेळ कोणाला रोखून धरता येत नाही.”

“मला येतो,” आतून मास्तरांचा आवाज आला. “पाण्याखाली काढलंय आयुष्य.”

“मग तालमीसारखाच सोडून थांबा,” मामा म्हणाले.

मग थंडोबाने कढत पाणी घेतलं, वाफेचा एक उसासा टाकला आणि औषध दिलं. औषधाचा आंबटपणा तपासणाऱ्याने अंगठा वर केला. भौतिकवाली धावली, नर्सने शिरेत सोडलं, जड दार बंद झालं. मामांच्या पडद्यावर रेघ एकदा उसळली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. ना थरथर, ना उतार.

“सपाट,” मामा म्हणाले.

“एकदम सपाट,” भौतिकवाली म्हणाली आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या मॅडमनी, म्हणजे विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी, समाधानाने मान डोलावली.

चित्रं आली तीही तशीच. एरवी हे नकाशे हललेल्या फोटोसारखे येत आणि त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहावं लागे. हे अगदी स्वच्छ होते. खुणेसाठी पलंगाला चिकटवलेली छोटी नळी नकाशात नेमकी जिथे असायला हवी तिथे होती. गाठीच्या जागी अंधार होता. किडनीच्या मधल्या भागात एक उजळ ठिगळ होतं, पण निरोगी किडनीही थोडं लॅक्टेट करतेच, आणि त्या भागात ते दिसणं काही नवलाचं नव्हतं.

दोन दिवसांनी सर्जन, मॅडम आणि ती भावंडं एका टेबलाभोवती बसली. सर्जन नाखूश दिसत होते, पण सुई आणि नकाशा दोन्ही एकच गोष्ट सांगत होते. तीन महिने थांबू, मग पुन्हा बघू, ते म्हणाले. बहिणीचा जीव भांड्यात पडला. ती हसली आणि त्याच हसण्यात रडली, आणि मग पिशवीत रुमाल शोधता शोधता भावाला ओरडली की सगळं सामान उलटंपालटं कोणी केलं.

जाताना मास्तर भौतिकवालीच्या कोपऱ्यात डोकावले. थंडोबाच्या पत्र्यावर त्यांनी थाप मारली, जशी आवडत्या बैलाला मारावी.

“काय, माझी रेघ कशी होती?”

“तुमच्यासारखी रेघ अजून कोणाची आली नाही, मास्तर.”

“येणार कशी?” ते खुशीत आले. “तालमीला रिकाम्या छातीने राहिलो तर जीव नुसता कासावीस झाला. म्हटलं, खऱ्या वेळी धोका नको. ऐनवेळी श्वास सुटला तर एवढं औषध वाया जायचं. मग बुडी मारायच्या आधी घेतो तसा घेतला. पार पोटापासून, गच्च. आणि पडलो खुशाल.”

ती हसली. त्यांना नीट जा म्हणाली. ते गेले, बहिणीचा आवाज जिन्यावरून खाली खाली गेला, आणि मग भौतिकवाली उठून मामांच्या खोलीत गेली.

तिने मामांच्या पडद्यावरची जुनी नोंद उघडली. तालमीची रेघ सपाट होती. औषधाच्या वेळचीही सपाट होती. एक तळाशी, एक पार माथ्याशी. त्या दिवशी तिघांनीही रेघ हलते का तेवढं पाहिलं होतं. ती कुठे थांबलीय हे कोणी पाहिलं नव्हतं.

फुप्फुसांखाली एक पडदा असतो, आणि किडनी त्याच्या हुकुमात असते. छाती भरली की पडदा खाली येतो, आणि किडनीला खाली ढकलतो. म्हणूनच श्वास सोडून थांबायला सांगतात. सोडल्यावर माणूस दरवेळी जवळपास एकाच जागी येऊन थांबतो. घेतल्यावर कधी एवढा, कधी तेवढा. साध्या चित्रात मास्तरांची किडनी वर होती. नकाशात ती खाली होती. आणि खुणेची नळी पलंगाला चिकटलेली. तिला कोणाच्या श्वासाशी काय देणंघेणं? ती आपल्या जागी होती, म्हणून सगळं जागच्या जागी आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

तिने स्वतःला बजावलं की हा नुसता तर्क आहे. तर्क तपासता येतो. औषध शिरेत गेल्यावर पहिल्या काही क्षणांत लॅक्टेट झालेलं नसतं, नुसतं रक्त आलेलं असतं. त्या क्षणांच्या चित्रात किडनीची कड दिसते. तिने ती कड काढली आणि साध्या चित्रातल्या किडनीवर ठेवली. दोन बोटं खाली. मग तिने सगळा नकाशा दोन बोटं वर सरकवला. मधल्या भागातलं ते निरुपद्रवी उजळ ठिगळ वर चढलं आणि गाठीच्या मागच्या अंगाला जाऊन बसलं. सुई समोरून गेली होती. मागच्या अंगापर्यंत ती पोचलीच नव्हती.

खिडकीबाहेर वाहनतळावर बहीण भावाला गाडीत बसवत होती. आधी तो, मग पिशवी, मग पुन्हा एकदा तो नीट बसलाय का ते बघणं. भौतिकवालीला वाटलं, आपलं चुकत असेल तर किती बरं होईल. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहेच. गाठ वाढली तर तेव्हा कळेलच. एवढ्या वेळात ती माणसं सुखाने झोपतील. हा विचार इतका सोयीचा होता की तिला तो आवडला नाही. तिने चित्र पुन्हा खाली केलं, पुन्हा वर सरकवलं. ठिगळ दरवेळी त्याच जागी जाऊन बसत होतं.

मॅडमनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “रेघ सपाट आहे असं कोण म्हणालं होतं?”

“मामा. आणि मी.”

“आणि मी मान डोलावली.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “धूसर चित्र आलं असतं तर मी तुला दहा प्रश्न विचारले असते. हे स्वच्छ आलं, म्हणून एकही विचारला नाही. सर्जनना मी आत्ता फोन करते. त्या दोघांना समोर बसवून सांगू. तूही ये.”

सांगणं सोपं गेलं नाही. मॅडम बोलत होत्या, भौतिकवालीने चित्रं पुढे ठेवली, एकदा खाली, एकदा वर. मास्तर वाकून पाहत राहिले. बहिणीने चित्राकडे पाहिलंच नाही.

“परवा तुम्ही मला हसवलंत,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “मी घरी जाऊन सगळ्यांना फोन केले. आता त्यांना काय सांगू? की भावाने श्वास जास्त घेतला?”

“चिमे, श्वास मीच घेतला ना,” मास्तर म्हणाले. “त्यांनी सोडायला सांगितला होता.”

“सोडायला सांगितला,” भौतिकवाली म्हणाली, “पण का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही घेतला नसता.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच हसले. “मीही पोरांना पाय कसे मारायचे तेवढंच सांगतो. का ते सांगत बसलो तर पोरं काठावरच राहतील.” ते चित्राकडे वळले आणि त्या उजळ ठिगळावर त्यांनी बोट ठेवलं. “हे इथेच आहे, नक्की?”

“नक्की नाही. पण सुई कुठे घालायची, ते नक्की सांगता येईल.”

“मग घाला,” ते म्हणाले.

बहिणीने त्यांचा दंड धरला. तिला माहीत होतं पुढे काय आहे ते. त्या खोलीत फक्त तिलाच ते आतून माहीत होतं. सुई नकोच, असं ती म्हणेल की काय असं भौतिकवालीला वाटलं. पण तिने एवढंच विचारलं की सुई मागून घालताना त्याला पालथं झोपवतील का, कारण त्याचा उजवा खांदा दुखतो.

सुई मागून गेली. यावेळी तुकड्यात मंद काही नव्हतं. सर्जननी ताटकळत ठेवलं नाही, त्याच आठवड्यात किडनी काढली. नंतर ते मॅडमना म्हणाले की गाठीचा तो भाग किडनीच्या आवरणाला जाऊन टेकला होता. आवरण अजून फुटलं नव्हतं. तीन महिन्यांनी काय दिसलं असतं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

मामांनी पडद्याच्या काचेवर निळी चिकटपट्टी लावायला सुरुवात केली. तालमीची रेघ जिथे थांबेल, तिथे पट्टी. औषधाच्या वेळची रेघ पट्टीवर आली नाही, तर मामा ‘सपाट’ म्हणत नाहीत. आणि भौतिकवाली येणाऱ्या प्रत्येकाला फुप्फुसांखालच्या पडद्याची आणि किडनीची गोष्ट सांगते. काहीजण कंटाळतात. ती सांगतेच.

मास्तरांना भेटायला मात्र तिला धीर गोळा करावा लागला. डायलिसिसची खोली त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होती. ती जिन्यापर्यंत जाऊन दोनदा परत आली होती. त्यांचं आयुष्य वाचलं असेल, पण ते यंत्राला बांधलं गेलं होतं, आणि त्या दोन्हीत आपला हात आहे, हे तिला एका वाक्यात बसवता येत नव्हतं.

शेवटी ती गेली तेव्हा ओळीने खुर्च्या होत्या, यंत्रांची मंद घरघर होती, आणि एका कोपऱ्यात बहीण भावाला झापत होती. ती खुर्ची नको, तिथे दारातून वारा येतो. पांघरूण आधीच घ्यायचं, थंडी वाजल्यावर नाही. समोरच्या घड्याळाकडे बघायचं नाही, बघितलं की काटे मुद्दाम हळू चालतात. तिला त्या खोलीतली एकेक गोष्ट पाठ होती. मास्तर, ज्यांनी उभ्या आयुष्यात फक्त सूचना दिल्या, ते मुकाट्याने ऐकत होते.

“ये,” त्यांनी भौतिकवालीला पाहून हात हलवला. “बघ, माझीच किडनी मला अक्कल शिकवतेय.”

“दादा.”

“खोटं आहे का? आत बसून तीच बोलतेय. तू कधी एवढी शहाणी होतीस?”

बहीण हसली नाही, पण तिने पिशवीतून दुसरी छोटी उशी काढून त्याच्या उजव्या खांद्याखाली सारली. मग सरकून बाकावर जागा केली. भौतिकवाली बसली.

बहिणीनेच विषय काढला, तिच्याकडे न बघता. “त्या दिवशी मी बोलले ते मनावर घेऊ नकोस. पण मी परत घेत नाही. परवा रडवायचं तर आधी हसवू नये माणसाला.”

“बरोबर आहे,” भौतिकवाली म्हणाली.

“हं.” तिने पिशवीचं तोंड बंद केलं. “पुन्हा तसं झालं, तरी सांगशील ना?”

“सांगेन.”

बहिणीने मान हलवली, जणू एखादा व्यवहार पक्का झाला. नर्स आली, मास्तरांच्या हातात सुई घालायची तयारी करू लागली. मास्तरांनी सवयीने छाती भरून घेतली, गच्च, खांदे वर. मग त्यांचं लक्ष भौतिकवालीकडे गेलं.

“आता काय करू? सोडू, का धरू?”

“इथे काहीच धरायचं नाही, मास्तर,” ती म्हणाली. “इथे नुसता घ्यायचा. आणि सोडायचा.”

“का ते सांग आधी,” मास्तर म्हणाले, आणि तिने सांगायला सुरुवात केली.